दोनदा वारलेली झुंबरबाई

आमची आजेसासू झुंबरबाई सन शेहेचाळीसच्या कार्तिकात वारली, तेव्हा ती अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. दाणे सुपात, टरफलं पदराखाली. मी ओट्यावर मांडी घालून बसले होते, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. सासरे खाटेवरून सांगत होते आणि मी लिहीत होते.

"लिखं, वच्छला. आमनी माय देवघर गयी. लिखं."

मी लिहिलं, 'आमच्या मातोश्री झुंबरबाई या कार्तिक वद्य पंचमीस देवाघरी गेल्या. सबब चिरंजीव अभिमन यास आणखी पंधरा दिवसांची रजा असावी.'

"काय लिखी राह्यनी वं?" मोठी माय म्हणाली. तिला आम्ही सगळे मोठी मायच म्हणायचो.

"तू मरी गयी असं लिखी राह्यनूत," सासरे म्हणाले. "कालेजमां धाडनं शे. तुले आयुष्य वाढी."

"वाढू दे मंग," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

आमच्याकडे जित्या माणसाची मेल्याची आवई उठली तर त्याचं आयुष्य वाढतं असं मानतात. त्यामुळे ह्यात आपण काही वाईट करतोय असं कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही. उलट माझं अक्षर किती दिवसांनी कागदावर उतरलं म्हणून मी ते पत्र दोनदा वाचून पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. लग्नानंतर पहिलं पत्र लिहिलं, आणि लिहिलं ते असं.

आता हे का करावं लागलं ते सांगते. आमच्या गिरणाकाठच्या गावातून तोवर सहा जण कॉलेजात गेले होते. कोणी पुण्याला, कोणी बडोद्याला. सहाच्या सहा परत आले. पास होऊन नव्हे हो, अर्ध्यावरून. कोणी पहिल्या दिवाळीला आला तो गेलाच नाही, कोणी संक्रांतीला ट्रंक डोक्यावर घेऊन आला. चुडामण भाऊंचा जीवराम असाच आला. त्याच्या ट्रंकेत चुडामण भाऊ आता बी-बियाणं ठेवतात, उंदीर लागत नाही म्हणतात. सातवे आमचे हे. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, पत्रात लिहिलं ते सासऱ्यांनी सांगितलं म्हणून, तेव्हा हेच म्हणेन. शेहेचाळीसच्या जूनमध्ये हे शहरातल्या नव्या कॉलेजात पहिल्या वर्षाला बसले. त्या कॉलेजचं नाव मी सांगत नाही. त्यातली माणसं अजून जिवंत आहेत आणि मला त्यांच्याशी भांडण उकरायचं नाही. जे भांडायचं ते तेव्हाच भांडून झालं.

चुडामण भाऊ पारावर बसून सांगायचे, "कालेज म्हंजे आखाजीना झोका शे. पोर आखाजीले माहेर येस, झोका खेळस, चार दिनमां सासरी परत जास. आपला पोऱ्या तसा कालेजमां जास." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षयतृतीया. लोक हसायचे. मी पाणी घेऊन जाताना ऐकायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सून माणूस, बोलणार काय?

दिवाळीला हे घरी आले. भाऊबीजेच्या सकाळी गोठ्यात नव्या गोऱ्ह्यानं सासऱ्यांच्या गुडघ्यावर लाथ घातली. पायाचा असा आवाज झाला की मी चुलीपासून धावत गेले. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, वर हळद थापली आणि दीड महिना पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. गुडघा कोहळ्याएवढा झाला होता. आणि वावरात आठ बिघे कपाशी एकदम फुटली होती. पांढरीफेक. त्यात वर आभाळ भरून आलेलं. कार्तिकातला पाऊस कपाशीवर पडला की कापूस पिवळा पडतो, भिजून बोंडालाच चिकटतो, मग त्याला कोणी हात लावत नाही. वेचणीच्या बाया त्या साली मळ्यामळ्यातून आधीच ठरून गेल्या होत्या. आमच्या वाट्याला उरलो मी आणि हे.

कॉलेज सुरू व्हायचा दिवस आला आणि गेला. हे म्हणाले, "आठ दिनमां जासू." आठाचे बारा झाले. मग ते पत्र.

दव असतानाच वेचायला लागायचं. ऊन चढलं की पाला चुरतो आणि कापसात कचरा येतो. कमरेला ओटी बांधायची, वाकायचं, आणि वाकलेलं परत सरळ व्हायचं नाही दोन ओळी संपेपर्यंत. बोंडाची टोकं सुकली की सुईसारखी होतात, नखाच्या कडेला बरोबर शिरतात. पहिले दोन दिवस ह्यांच्या बोटांतून रक्त आलं. चार-पाच महिने पुस्तक धरलेली बोटं, मऊ पडली होती. तिसऱ्या दिवशी हात बसला. चौथ्या दिवशी हे माझ्या पुढे होते. पाचव्या दिवशी हे वेचता वेचता गाणं गुणगुणत होते, आणि मला धस्स झालं.

कारण ते सुखात होते. तिथे शहरात वसतिगृहात ह्यांच्या बोलण्याला पोरं हसायची, 'शे' म्हटलं की बाकं बडवायची. इंग्रजीचे प्रोफेसर काय बोलतात ते अर्धं कळायचं नाही. इथे वावरात ह्यांना सगळं कळत होतं. असं माणूस सुखात परत आलं की जायचं नाव घेत नाही. ते सहाही असेच आले असतील, कामासाठी चार दिवस.

मार्गशीर्ष लागायच्या आत पोस्टमन आला. पत्र मीच वाचलं, मोठ्यानं, कारण सासरे म्हणाले वाच.

'आपल्या मातोश्री कार्तिक वद्य पंचमीस निवर्तल्याचे कळले. तथापि याच विद्यार्थ्याच्या श्रावण महिन्यातील अर्जावरून त्या पूर्वीच निवर्तल्या आहेत. एकच व्यक्ती दोन वेळा निवर्तण्याचे कारण कार्यालयास उमगत नाही. सबब विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करण्यात आले आहे. वसतिगृहातील सामान आठ दिवसांत घेऊन जावे.'

सासऱ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मी पाहिलं. ह्यांची मान खाली.

"श्रावनमां निंदनीले उनता ना तू?" सासरे म्हणाले. "चार दिन? आम्हले सांगं सुट्टी शे."

"सुट्टी नव्हती आबा," हे म्हणाले. "मी लिखं व्हतं. मोठी माय मरी गयी असं."

म्हणजे झालं होतं असं. श्रावणात ह्यांनी घरात न सांगता तिला मारली, आणि कार्तिकात आम्ही ह्यांना न विचारता तिला मारली. दोघांनाही वाटलं, घरात तिच्याइतकं म्हातारं दुसरं कोणी नाही, आणि आयुष्य वाढलं तर तिचंच वाढेल.

मोठी माय हसायला लागली. बोळक्या तोंडानं, पोट धरून. "दोनदा मारी माले! मंग आते मी शंभर वरीस जगसू. तुमले बठ्ठासले पोचाडीसन जासू."

कोणीच हसलं नाही. सासरे भिंतीकडे तोंड करून निजले. हे बाहेर जाऊन वखराची पास दगडावर घासायला लागले. मी मागोमाग गेले.

"एक परीनं बरं झायं," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"काय बरं झायं?"

"आबाना पाय असा. मिरच्यासले पानी देनं शे, गहू शे. मोट कोन हाकी? कालेज काय, बठ्ठा परत येतस. मी काय एखलाच शे का?"

आता मला सांगायला लाज नाही, मी त्या दिवशी नवऱ्यावर ओरडले. गल्लीत ऐकू जाईल असं. माझं नाव पाचवीच्या पटावर होतं. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. माझं लग्न ठरलं आणि वडिलांनी मास्तरांना निरोप धाडला. मी शाळेच्या खिडकीबाहेर उभी होते. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला, पट उघडला, आणि माझ्या नावावरून तांबड्या शाईची रेघ ओढली. पट्टी घेऊन ओढली, वाकडी जाऊ नये म्हणून. मला कोणी विचारलं नाही की बाई, तुला शिकायचं आहे का. मी घरी येऊन भाकरी थापल्या. तेव्हापासून माझ्या पोटात ती रेघ आहे. हे सगळं मी ओरडून सांगितलं आणि म्हणाले, "तुमले विचारीसन मारी का रेघ? नई ना? मंग तुम्ही बरं झायं कसं म्हनतस?"

"मोट कोन हाकी ते सांग," हे म्हणाले.

"मी."

हे हसले. तिथेच चुकले.

आमच्यात बाई मोटेच्या धावेवर पाय ठेवत नाही. धाव म्हणजे विहिरीपासून उताराची वाट. बैल त्या उतारानं खाली जातात, नाडा ताणला जातो, आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात ओतते. हाकणारा नाड्यावरच बसतो, त्याचं वजन बैलांना साथ देतं. दोन पाय दोन बाजूला टाकून. म्हणून बाई बसत नाही. आणि म्हणतात, बसली तर विहीर आटते.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झाल्यावर मी लुगड्याचा कासोटा घट्ट मारला आणि बैल धावेला लावले. पहिल्या खेपेला नाड्यावर बसायला गेले तर नाडा उसळला आणि मी धावेवर पाठीवर पडले. मोट खाली धप्पकन विहिरीत. दुसऱ्या खेपेला बसले, पण उठायला उशीर झाला, आणि बैल मागे सरायला लागले तेव्हा माझा तळवा नाड्याखाली सापडला. कातडं निघालं. मी ओरडले नाही, कारण बांधावर आता चार माणसं उभी होती. तिसऱ्या खेपेला मोट वर आली, ओतली, पाटाला पाणी लागलं. मिरच्यांच्या सऱ्यांत ते पाणी शिरताना मी पाहिलं आणि मला रडूच आलं, आनंदानं, खरं सांगते.

चुडामण भाऊ पुढे झाले. "झुलालनी सून, बाई मानूस नाडावर बठस का? इहीर आटी जाई."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांच्याकडे पाठ केली नाही. "आटू द्या भाऊ. मंग मी तुमना इहीरवर येसू. तठे मोट हाकसू."

एक जण फिसकन हसला. चुडामण भाऊ निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की झुलालची सून पुरुषासारखी नाड्यावर बसते, नवरा बांधावर उभा राहून बघतो. पाणवठ्यावर बायांनी माझ्यासाठी जागा सोडली नाही, मी घागर घेऊन सगळ्यांची पाणी भरणं होईस्तोवर उभी राहिले. एकीनं विचारलं, मिशा कधी फुटणार? मी म्हटलं, फुटल्या की तुला आधी दाखवते.

चार दिवस मी मोट हाकली. दोन्ही तळव्यांवर फोड आले, फुटले, त्यावर परत आले. मी चुलीतली राख लावायची. मांड्या अशा सोलवटल्या की चालताना फाकून चालावं लागायचं. हे कापूस वेचायचे आणि मधूनमधून ताठ उभे राहून विहिरीकडे बघायचे. पाचव्या दिवशी दुपारी मी भाकर घेऊन बसले आणि मला तुकडा मोडता येईना. बोटं मिटत नव्हती. ह्यांनी माझ्या हातातून भाकर घेतली, मोडून ठेचा लावून परत दिली.

"सकायले जाऊत," हे म्हणाले. "शहरमां. इचारी देखूत."

मोठी माय दारात बसली होती. "मी बी येस."

"तू कशी येशी?" सासरे खाटेवरून म्हणाले. "तू मरेल शे ना तठे."

"म्हनीसनच येस," ती म्हणाली. "आनि वच्छलाले त्यानं नाव लेता येत नई. मंग पटवर नाव लिखाले कोन सांगी?"

हे तिला नाही म्हणाले, मी नाही म्हणाले, सासऱ्यांनी शिव्या दिल्या. सकाळी आम्ही निघालो तर ती आमच्या आधी वेशीवर काठी टेकून उभी होती.

गाडीनं शहरात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. कॉलेजची इमारत कौलारू, लांबच लांब, पुढे व्हरांडा. पोरं आमच्याकडे बघत होती. हे ऑफिसच्या दारापाशी येऊन थांबले. ज्या पोरांनी बाकं बडवली तीच समोर, आणि आम्ही दोघी: एक म्हातारी काठी टेकत, एक फाकून चालणारी, हाताला फडकी. "तुम्ही आठेच थांबा," मी म्हटलं आणि मोठ्या मायला घेऊन आत गेले.

हेडक्लार्क टेबलामागे होते. चष्मा नाकावर, पान तोंडात.

"काय पाहिजे बाई?"

"नाव पटावर परत घालायचं आहे."

"कोणाचं?"

"ह्यांचं."

"ह्यांचं म्हणजे कोणाचं? इथे तीनशे ह्यांचं आहेत."

शिपाई हसला. बाजूचा कारकून हसला. नाव जिभेवर होतं आणि येत नव्हतं, आठ वर्षं न घेतलेलं नाव असं एकदम येत नाही. मोठ्या मायनं काठी टेबलावर टेकवली.

"अभिमन झुलाल," ती म्हणाली.

हेडक्लार्कनी पानं उलटली. "नाव कमी झालंय. आपण कोण?"

"मी झुंबरबाई. त्याना बापनी माय."

त्यांनी मान वर केली. मग परत फायलीत घातली, दोन कागद काढले, एक श्रावणातला, एक माझ्या अक्षरातला. "कोणत्या झुंबरबाई?"

"श्रावनमां मरी गयी ती बी मीच," ती म्हणाली. "कार्तिकमां मरी गयी ती बी मीच."

शिपाई आता हसला नाही, त्यानं तोंडावर हात ठेवला. हेडक्लार्क मात्र भडकले. ते काही वाईट माणूस नव्हते, त्यांना खरोखरच राग आला होता, आणि तो बरेच दिवस साचलेला होता.

"बघा," ते म्हणाले, "हे बघा. जूनपासून खेड्यातल्या मुलांचे अर्ज. एकवीस आज्या वारल्या. नऊ आजोबा. एक आई, ती परवा मला बाजारात भाजी घेताना दिसली. खानदेशातल्या म्हाताऱ्या कपाशी फुटली की मरतात, काय प्रकार आहे हा? जूनमध्ये खेड्यातली चाळीस पोरं होती या वर्गात. आज सतरा. मार्चला दहा राहिली तर नशीब. पदवीपर्यंत एखादा. दर वर्षी मुंबईला विद्यापीठात तक्ता पाठवावा लागतो बाई, किती आले, किती राहिले, किती पास झाले. तिथले लोक विचारतात, तुमच्या कॉलेजला भोक पडलंय का? पुढच्या वर्षीपासून खेड्यातल्या मुलांना जागाच कमी द्यायच्या असं बोलणं चाललंय. टिकतच नाहीत तर जागा अडवायच्या कशाला?"

ह्यांचं एकट्याचं नाव नव्हतं ते. आमच्या गावात शाळेत आता बारा पोरं होती, त्यातली दोन माझ्या ओट्यावर येऊन पाढे म्हणायची.

मोठी माय शांत होती. तिनं विचारलं, "भाऊ, तुमना बुकमां मराले जागा शे. कापूस येचाले शे का?"

"काय म्हणतात या?"

मी म्हटलं, "त्या विचारतात, रजेच्या कारणांत मरण चालतं, आजार चालतो. कापूस वेचायचा आहे, बापाचा पाय मोडलाय आणि आभाळ आलंय, असं खरं लिहिलं असतं तर तुम्ही रजा दिली असती का?"

"नसती. कापूस हे काय कारण झालं?"

"मग खोटं लिहायला शिकवलं कोणी? आम्ही का तुम्ही?"

"बाई, तोंड सांभाळून बोला!"

"सांभाळूनच बोलते. त्या जिवंत आहेत, तुमच्या पुढ्यात उभ्या आहेत, आणि तुम्ही त्यांच्यावर रागावलात. मेल्या असत्या तर रजा दिली असती."

आतल्या खोलीचं दार उघडलं. प्रिन्सिपलसाहेब होते, करडे केस, धोतर, वर कोट. बराच वेळ ऐकत असावेत. त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"किती शिकलात?"

"चौथी. पाचवीत पंधरा दिवस."

त्यांनी माझ्या हाताच्या फडक्यांकडे पाहिलं. ते कशानं झालं, तेही विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पत्राची घडी घालून ते टेबलावर ठेवलं, आणि मला वाटलं झालं काम. पण तसं नव्हतं.

"हे बघा," ते म्हणाले, "खोट्या पत्राचं मी सोडून देतो. पण टर्मचे दिवस आता भरत नाहीत. कमी पडतात. हा नियम माझा नाही, विद्यापीठाचा आहे. ही टर्म बुडाली. नाव आता घालता येणार नाही. जूनमध्ये पुन्हा पहिल्या वर्षाला येऊ द्या, मी स्वतः प्रवेश देईन."

"जूनमध्ये कोणी येत नाही, साहेब," हेडक्लार्क हळू म्हणाले. "एकदा गेला की गेला. आजवर एक आलेला नाही."

प्रिन्सिपलसाहेबांनी त्यांना गप्प केलं नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. आम्हालाही ठाऊक होतं. जून म्हणजे पेरणी.

आम्ही व्हरांड्यात आलो. ह्यांना काही सांगावं लागलं नाही. "चाला," हे म्हणाले, "साडेबाराना गाडी शे." चेहरा असा की थोबाडीत मारल्यावर माणूस बाजारातून चालत घरी जातो तसा. तेवढ्यात घंटा झाली. पोरं वर्गात शिरायला लागली.

"आते कोनता तास शे?" मी विचारलं.

"इंग्रजीना."

"मंग जा."

"खुयी शे का तू? नाव नई ना पटवर."

"वर्गमां बठाले नाव कसाले लागस?" मी म्हटलं. "कान लागतस. ते शेत ना तुमले?"

"हाजरी लागाव नई. परीक्षाले बसू देतीन नई. फुकट बठनं शे मंग?"

"फुकट बठा. चार महिना फुकट बठा. जूनमां परत पहिलापासून बठा. आज तुम्ही गाडीमां बठनात ना, मंग जूनमां कोनीच येवाले नई. ते मानूस आतमां काय बोलना ते आयकं ना तुम्ही?"

ऐकलं होतं. दार उघडंच होतं.

मोठी माय व्हरांड्याच्या खांबाला टेकून खाली बसली, काठी आडवी टाकली. "मी आठेच बठस. देखूत माले कोन उठाडस. मरेल मानूसले कोन उठाडी?"

हे उभे होते. व्हरांडा रिकामा झाला. मला वाटलं आता हे फाटकाकडे वळणार. मग ह्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि वर्गात शिरले. मागच्या बाकावर जाऊन बसले. बाकं बडवणारी पोरं वळून बघायला लागली. मी खिडकीशी गेले. खिडकीबाहेर उभं राहायची मला सवय होती.

प्रोफेसरांनी पट उघडला आणि हजेरी घ्यायला लागले. इंग्रजीतून आकडे. मला तेव्हा आकडे कळत नव्हते, पण त्या चालीतला ताल कळत होता, हाक आणि ओ, हाक आणि ओ. मधूनमधून ते दोन-तीन आकडे गाळून पुढे जात होते, हे मला ह्यांनी नंतर सांगितलं. ते घरी गेलेल्यांचे आकडे.

"थर्टी वन."

"येस सर."

"थर्टी थ्री."

तेहतीसवाला बोलायच्या आत मागून आवाज आला. जाड, वावरातला आवाज. "थर्टी टू. येस सर."

प्रोफेसरांनी पटावर बोट ठेवलं आणि मान वर केली. "थर्टी टूचं नाव कमी झालं आहे."

"ठाऊक शे, सर," हे म्हणाले. 'शे' म्हणाले. कोणी बाक बडवलं नाही.

"मग मला हजेरी मांडता येणार नाही."

"मांडू नका सर."

प्रोफेसरांनी पटावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "बसा," आणि खाली बघून पुढचा आकडा घेतला.

"काय झायं वं?" मोठ्या मायनं खालून विचारलं.

"बठनात," मी म्हटलं.

वसतिगृह सुटलं होतं, तेव्हा हे शहरातल्या रमजान पिंजाऱ्याच्या पडवीत राहिले. रमजानभाई दर हिवाळ्यात आमच्या गावी गाद्या पिंजायला यायचे, आमच्या ओट्यावर जेवायचे. त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही, कापसाच्या गठ्ठ्यांमागे खाटेपुरती जागा करून दिली. हे तिथेच चूल मांडून भाकरी करायचे, जळकी खायचे. चुडामण भाऊंनी पारावर त्याचाही बोभाटा केला. मी इकडे मोट हाकली. वेचणीत आमची दोन बिघे कपाशी तशीच राहिली, मावठ्यात काळी पडली. पडू दिली. ह्यांना कळवलं नाही. जूनमध्ये पेरणीच्या ऐन दिवसांत मी ह्यांना गाडीत बसवून आले, आणि पाभरीमागे मीच चालले. विहीर आटली नाही.

त्याआधी, मार्चअखेरीला, कॉलेजचा तक्ता मुंबईला गेला. किती आले, किती राहिले. त्यात ह्यांची मोजदाद गेलेल्यांत होती, आणि पटावर त्या चार महिन्यांची हजेरी शून्य. वर्गात मात्र ह्यांचा एक दिवस चुकला नाही.